पेन्शनची तालीम, तीही श्रावणात

जवळ ये गं, अशी बस इथं माझ्याशेजारी. कागदावरच का होईना, पण बस. तुझं पत्र मिळालं. तीन ओळींचं पत्र, त्यातल्या दोन पैशांच्या आणि एक या मावशीच्या, म्हणजे माझ्या, तब्येतीची. तब्येतीची ओळ तू शेवटी, अगदी बोटभर जागा उरली तिथं कोंबलीस, हे मी पाहिलंय बरं का. आणि विचारतेस काय, तर कंपनी एकदम रक्कम हातात देऊन घरी पाठवतेय, ती ठेवीत टाकली तर महिन्याला किती सुटतील आणि तेवढ्यात दोघांचं भागेल का. हे तू आधी बँकेतल्या माणसाला विचारलंस, मग नणंदेच्या नवऱ्याला, आणि मग मला. जिनं ही परीक्षा कधीच देऊन, वर त्यात नापास होऊन दाखवलंय, तिचा नंबर तिसरा! वा गं वा. तुला आकडा हवाय ना? सांगते. पण आधी माझी फजिती ऐकावी लागेल. आकडा फुकट मिळत नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. आम्ही तेव्हा भांडुपला, टेकडीच्या उतारावरच्या चाळीत. एक खोली, पुढे पडवी. मी मुलुंडला औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, खोकं बंद करायचं, चिकटपट्टी. शाळा माझी दुसरीपर्यंतच झालेली. पुढचं वाचायला मी त्या खोक्यांवरून शिकले, म्हणून मला 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' हे 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी बिनचूक लिहिता यायला लागलं. तुझे काका गिरणीत होते. गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि त्यांच्या हातात काही आलं नाही. म्हणजे घरात कमावणारी मी एकटी, आणि दिवाळीच्या आधल्या महिन्यात मी रिटायर होणार.

पेन्शन म्हणजे सरकारी नोकरांची चैन. आम्हाला फंड आणि ग्रॅच्युइटी, दोन्ही मिळून त्रेचाळीस हजार. त्रेचाळीस हजार! मी आयुष्यात एकदम तीन हजारसुद्धा पाहिले नव्हते. आठवडाभर मी तो आकडा मनात अशी घोळवत होते, की पट्ट्या भरताना एकदा खोक्यात दहाऐवजी नऊच घातल्या. मग युनियनच्या माणसानं खाली आणलं. म्हणाला, "मावशी, पोस्टात दरमहा व्याजाची नवी सोय निघालीय. शंभर रुपये ठेवले की महिन्याला एक रुपया. आता करा हिशोब."

केला. चारशे तीस रुपये महिना. पगार माझा तेव्हा त्याच्या तिप्पट होता.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. मुलगा मुलुंडला भाड्याच्या खोलीत, त्याला बायको, एक मुलगी, त्याचा पगारही बेताचाच. त्याच्यापुढे आम्ही हात पसरायचा नाही. बस, एवढंच. उपाशी राहू, पण महिनाअखेरीला "बाळा, जरा वीस रुपये" असं म्हणणार नाही. हे मी कारखान्यातल्या बायकांना, चाळीतल्या बायकांना आणि देवाला, तिघांनाही ठणकावून सांगितलं होतं.

मग मला एक अक्कल सुचली. इथंच सगळी वाट लागली. म्हटलं, रिटायर झाल्यावर भागतं की नाही हे तेव्हा कळून काय उपयोग? आधीच तालीम घेऊन बघू. नाटकवाले रंगीत तालीम घेतात, तशी. एक महिना पगार आला की चारशे तीस रुपये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे, बाकीचे ट्रंकेत कुलूपबंद. डब्यात आहे तेवढ्यात महिना काढायचा. आणि ट्रंकेची किल्ली मी काकांकडे दिली.

काका म्हणाले, "किल्ली माझ्याकडे कित्याक?"

"माझ्याकडे राहिली तर मी उघडीन. तुमच्याकडे असली तर मला मागायची लाज वाटेल."

"आणि माका लाज नाय?"

"तुम्हाला असती तर गेल्या महिन्यात माझ्या पर्समधले पाच रुपये गेले नसते."

किल्ली जानव्याला बांधतात तशी त्यांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

तालीम सुरू झाली आणि काय सांगू तुला, झकास! मी स्वतःच थक्क. पहिला आठवडा गेला, डब्यात नोटा तशाच. दुसरा गेला, अजून निम्म्याहून जास्त. मी दर शनिवारी डबा उघडून मोजायची आणि काकांना ऐकवायची, "बघितलंत? बाई काटकसरीची असली की असं होतं." ते बिचारे साबुदाणा चावत "हूं" म्हणायचे. महिना संपला त्या दिवशी डब्यात एकशे अडतीस रुपये शिल्लक! दोनशे ब्याण्णवमध्ये दोन माणसांचा महिना. मला वाटलं, देशाचा अर्थमंत्री उगाच दिल्लीत शोधतात.

आणि शहाणपण तिथं थांबलं नाही. मी पुढचा हिशोब केला. आपल्याला लागतात तीनशे. मग त्रेचाळीस हजार पोस्टात कशाला कोंबायचे? एकतीस हजार ठेवले तरी तीनशे दहा येतात, वर दहा रुपये चैनीला. बारा हजार मोकळे! मुलगा तेव्हा डोंबिवलीला ओनरशिपचा ब्लॉक बघत होता. त्यानं माझ्याकडे एक पैसा मागितला नव्हता, हे लक्षात ठेव. मागितलं नव्हतं.

पिठोरी अमावास्येला मी त्यांना जेवायला बोलावलं. तुला आठवतं ना, खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून, पाठ फिरवून आई विचारते, "अतित कोण?" आणि मागून मूल म्हणतं, "मी." मी ताट धरलं, विचारलं, "अतित कोण?" तिशी ओलांडलेला माझा लेक मागून म्हणाला, "मी." त्या 'मी'नं मला काय झालं कोण जाणे. ताट मागे देता देता मी म्हटलं, "घे खीर, आणि ब्लॉकसाठी माझ्याकडून बारा हजारही घे."

ताट त्याच्या हातात तसंच. म्हणाला, "आई, मी आता खाऊ की मोजू?"

सून लगेच म्हणाली, "आई, असं एकदम नका बोलू. तुम्ही दोघं पुढं कशावर राहणार? नीट विचार करून..."

"विचार?" मी म्हटलं. "अगं, महिनाभर प्रयोग करून सांगतेय! डबा आणून दाखवू?" आणि खरंच आणून दाखवला. वाजवून दाखवला. काका कोपऱ्यात खीर खात होते, ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं, अभिमानानं ऊर भरून आलाय.

गणपती झाले, गौरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दारात आमची कोळीण. आमच्या चाळीत पंधरा-वीस वर्षं तिचीच पाटी. चाळीतली अर्धी बाळंतपणं तिच्या हातच्या खेकड्यांच्या रश्शावर झालेली, म्हणून कुणाला काही सांगायची तिला भीती नसे. पाटी उतरवली, ओला फडका बाजूला केला, आत बांगडे, नुसते चमचमत होते.

"काय गो बाय, ऐकते ते खरं? पेन्शनीची परीक्षा दिलीस म्हणं?"

"दिली आणि पासही झाले. तीनशेत महिना."

"तीनशेत?" तिनं हातातला कोयता खाली ठेवला. "कंचा म्हयना धरलास?"

"आत्ता सरला तो. श्रावण."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. आणि अशी हसली, अशी हसली, की समोरच्या खोलीतून दोन बायका बाहेर आल्या. "अगो बाय माझे! श्रावणात? माझी पाटी घरी भिंतीला उपडी, आमच्या होड्या नारळी पुनवेपर्यंत वर ओढलेल्या, आणि तू बाजार मोजलास? उद्या म्हणशील रात्री पाहिलं तर छत्री लागत नाय उन्हात!"

समोरच्या दोघींनी तर कामच हातात घेतलं. एक म्हणाली, "आणि चार शुक्रवार जेवायला कुठं होत्या तुम्ही? माझ्याकडे सवाष्ण म्हणून, मास्तरीणबाईंकडे मेहूण म्हणून दोघंही." दुसरी म्हणाली, "आणि तीन नंबरच्यांच्या सत्यनारायणाला." मी मनातल्या मनात मोजत गेले. शुक्रवार चार बाहेर. सोमवार चार, उपास. शनिवार चार, यांचे मारुतीचे उपास. दोन एकादश्या. लग्न नाही, आहेर नाही. गावचा पाहुणा नाही, कारण गावाला सगळे गणपतीच्या तयारीत. आणि मासळी, सुकी की ओली, एक शेपटीसुद्धा नाही. अगं, आम्ही त्या महिन्यात जेवलोच कधी? त्रेचाळीस हजारांचा हिशोब मी दोन संन्याशांच्या घरात केला होता.

आत वळून पाहिलं तर काका पंच्यानं तोंड पुसत होते. हसू पुसत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी बाटलीबंदी चललेली, मी बोलान कसो?"

हो, तेही राहिलंच. श्रावणात यांची शनिवार संध्याकाळची ती थोडीशीही बंद असायची, आणि विड्याही निम्म्या. तो खर्च तर माझ्या हिशोबात कधीच आला नव्हता, कारण त्याचा आकडा माझ्या माहितीतच नव्हता.

मी चार बांगडे घेतले. मन इतकं मोडलं होतं, पण बांगडे ताजे होते.

आता बारा हजारांचं काय? मुलाला शब्द दिलेला. तोही खिरीच्या ताटाबरोबर. मी ठरवलं, घाबरायचं नाही, पुन्हा तालीम घ्यायची, यावेळी खऱ्याखुऱ्या महिन्यात. अनंत चतुर्दशी झाली की लगेच डब्यात तीनशे दहा टाकले, बाकीचे पुन्हा ट्रंकेत, किल्ली पुन्हा काकांच्या गळ्यात. काका म्हणाले, "पितृपक्षात पैसे कमी लागतत, नवरात्रात तर आणखीनच," मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, आता देव मध्ये आणायचे नाहीत." उपास केले नाहीत. कुणी जेवायला बोलावलं तर गेले नाही, म्हटलं पोट बरं नाही. लोकांना वाटलं मी आजारी आहे, एक शेजारीण तर मऊ भात घेऊन आली, तोही मी परत केला. प्रामाणिक तालीम म्हणजे प्रामाणिक. गावाहून दीर आले दोन दिवस, त्यांना बोंबील तळून घातले. घासलेट संपलं. काकांची चप्पल तुटली. अठराव्या दिवशी मी डब्यात हात घातला तर हाताला लागलं दोन रुपयांचं नाणं आणि बिस्किटाचा एक जुना तुकडा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर मी तशीच मुलाकडे गेले. बरोबर सकाळीच तळून डब्यात घेतलेले बांगडे, कोळिणीकडून उधारीवर. लाच होती ती. मुलगा कामावर, सून घरी, वाळलेले कपडे घड्या करत बसलेली. मी आधी नातीच्या अभ्यासाबद्दल विचारलं. मग तिच्या माहेरच्यांबद्दल. मग पंख्याच्या आवाजाबद्दल. शेवटी पंख्याचंही काही उरलं नाही.

तिनंच साडीची घडी घालता घालता विचारलं, "आई, किती दिवस पुरले?"

"काय किती दिवस?"

"तीनशे दहा."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबा आले होते गेल्या बुधवारी. यांच्याकडून वीस रुपये घेऊन गेले. म्हणाले, तुझ्या आईला सांगू नकोस, तिची परीक्षा चाललीय."

वीस रुपये. बघ, आकडाही नेमका तोच. ज्या एका गोष्टीसाठी मी ट्रंकेला कुलूप घातलं, ती त्या कुलपामुळेच घडली होती. अकराव्या दिवशी. आणि ट्रंकेची किल्ली गळ्यात घालून हा माणूस मुलाच्या दारात उभा राहिला! किल्लीला हात लावला नाही हं त्यांनी. मला शब्द दिला होता ना.

मी रडणार होते, पण त्या किल्लीचं आठवलं आणि हसूच फुटलं. मग दोन्ही झालं. सून पाणी घेऊन आली. मी म्हटलं, "बाई गं, मी खोटं बोलले नव्हते. मी श्रावणात मोजलं." आणि सगळं सांगितलं, कोळिणीसकट. "बारा हजार मी देऊ शकत नाही. दिले तर दर महिन्याला अठराव्या दिवशी आम्ही तुमच्या दारात."

तिनं ती साडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "बयाणा शनिवारी द्यायचा आहे. दोन ब्लॉक होते. पुढच्या बाजूचा गॅलरीवाला, आणि एक मागचा, गॅलरी नसलेला. तो स्वस्त आहे." हातातली साडी पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. "मागचा घेऊ. चालेल."

तिच्या त्या 'चालेल'चा आवाज अजून माझ्या कानात आहे. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर मी काकांना विचारलं, हात पसरलात ना शेवटी? तर म्हणाले, "मी नाय पसरलंय. झिलान फुडे केल्यान." म्हणे लेकानंच हात पुढे केला! या माणसाशी काय भांडायचं सांग.

त्रेचाळीस हजार सगळेच्या सगळे पोस्टात गेले. दर महिन्याला मी पिशवी घेऊन जायची आणि चारशे तीस घेऊन यायची. आता तुझ्या आकड्याचं ऐक. त्यात काय बसलं? खोलीचं भाडं, लाइटचं बिल, रेशनचे तांदूळ-गहू, घासलेट, रोजचं अर्धा लिटर दूध, त्यांच्या विड्या, आठवड्यातून दोनदा मासळी, तीही बांगडा-बोंबील, पापलेट नाही. काय बसलं नाही? डॉक्टर. दातांची कवळी. लग्नांचे आहेर. नातीला फ्रॉक. त्यासाठी मी एप्रिल-मे महिन्यात चाळीतल्यांचा मालवणी मसाला करून द्यायला लागले, डोळे लाल होईपर्यंत मिरच्या भाजायची. त्या दोन महिन्यांच्या मसाल्यावर वर्षभराचे आहेर निघाले. आणि एक गोष्ट जी मला युनियनच्या माणसानंही सांगितली नव्हती. दुधाचा भाव चढला, तांदळाचा चढला, कोळिणीनं तर दर सणाला चढवला, पण माझे चारशे तीस जागच्या जागी बसून राहिले. पहिल्या वर्षी दोनदा मासळी, चौथ्या वर्षी एकदा.

म्हणून सांगते, तू जे व्याज काढलंस ते बरोबर असेल. चूक व्याजात नसते गं, चूक महिन्यात असते. तू मे महिना धर. लग्नं, पाहुणे, आंबे, गावाचं जाणं-येणं, सगळं असू दे. त्या महिन्यात जे लागेल तो तुझा आकडा. आणि नवऱ्याला समोर बसवून विचार, तुमचं असं काय आहे जे माझ्या वहीत नाही. दोनदा विचार. पहिल्यांदा खरं सांगत नाहीत. आणि उत्तर येईपर्यंत कुणाला खिरीच्या ताटाबरोबर काही देऊन टाकू नकोस.

सुनेच्या घरी मी जाते तेव्हा कपडे स्वयंपाकघरात दोरीवर वाळत असतात. ओल्या चादरीखालून वाकून आत जावं लागतं. ती हसून म्हणते, "आई, सांभाळून, ही तुमची श्रावणाची गॅलरी." हसूनच म्हणते. मी वाकते आणि आत जाते.

आता तू ये. पत्र नको, फोन नको. येताना तुझ्या कंपनीचा तो कागद घेऊन ये, आपण दोघी पडवीत बसून बघू. कोळीण आता थकली, तिची सून पाटी आणते, पण बांगडे तसेच. लवकर ये गं, या महिन्यातच ये. फक्त श्रावण लागायच्या आत ये.